तुम्ही दाखवलात तो 'नोस्फेरातू' नव्हे! आमच्या फिल्म सोसायटीच्या कार्यकारिणीस खुले पत्र

मा. अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात सोसायटीच्या फलकावर लागलेली सूचना वाचली. 'प्रेक्षकांचा प्रतिसाद लक्षात घेता वार्षिक महोत्सवातील मूकपट विभाग पुढील वर्षापासून बंद करण्यात येत आहे.' खाली सही, शिक्का. सचिवांना फोन केला, तर म्हणाले, "मॅडम, तुम्ही होतात ना त्या दिवशी? भुताच्या सिनेमाला लोक खो खो हसायला लागले तर आम्ही काय करायचं?"

होते मी. सातव्या रांगेत, नातीला घेऊन. लोक हसले हे अगदी खरं. पण ज्याला हसले तो जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊ यांचा १९२२ सालचा रक्तपिपासूचा मूकपट 'नोस्फेरातू' नव्हता. कुठून तरी फुकट उतरवून घेतलेलं, रंग गेलेलं, पळवलेलं, कापलेलं असं काहीतरी तुम्ही पडद्यावर सोडलंत, त्याला लोक हसले. आणि शिक्षा मात्र सगळ्या मूकपटांना झाली.

हे मी आधी दोन पत्रांतून कळवलं होतं. पोच मिळाली, उत्तर नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे.

माझा यात काय संबंध, हे नव्या सभासदांसाठी सांगते. मी अडतीस वर्षं जर्मन शिकवलं. सोसायटीची आजीव सभासद आहे, दोन वर्षं खजिनदारही होते, त्यामुळे हॉलचं भाडं, प्रोजेक्टरचा दिवा आणि वर्गणीची थकबाकी यांचं गणित मला कुणी समजावून सांगायला नको. 'नोस्फेरातू' मी पहिल्यांदा पाहिला तो इथेच, शाळेच्या हॉलमध्ये, चादरीवर, सोळा एमएमच्या घरघरणाऱ्या यंत्रातून. तो काळा-पांढरा होता. मला बरा वाटला, भीती काही वाटली नाही. उलट दिग्दर्शक इतका नावाजलेला आणि एवढी ढोबळ चूक कशी केली असेल, असं पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं. ती चूक कोणती, ते पुढे येईलच, कारण परवा माझ्या सोळा वर्षांच्या नातीनेही तीच पकडली.

शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी जर्मनीला गेले होते तेव्हा एका छोट्या थिएटरात तोच चित्रपट पुन्हा पाहिला. एक माणूस पियानो वाजवत होता आणि पडदा निळा होता. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. परत आल्यावर दोन महिने बसून त्यातल्या सगळ्या पाट्यांचं, म्हणजे संवादांच्या जागी पडद्यावर येणाऱ्या मजकुराचं, मराठी भाषांतर केलं आणि फाईल सोसायटीला दिली. ती फाईल आजही तुमच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात आहे. पुढची तक्रार फाईल वापरली नाही एवढ्यापुरती नाही, पण तीही आहे, लपवून ठेवत नाही.

आता मुद्द्यांवर येते.

पहिला मुद्दा रंगाचा. तो सर्वांत मोठा आहे म्हणून त्यावर वेळ घेणार आहे.

मूकपट काळे-पांढरे असत, हा आपल्याकडचा पक्का समज. कॅमेऱ्यातली फिल्म काळी-पांढरी होती, पण थिएटरात जाणाऱ्या प्रतींचे तुकडे रंगाच्या पाण्यात बुडवून काढत. दिवसाचा प्रसंग पिवळसर-तपकिरी, पहाट गुलाबी, रात्र निळी-हिरवी. ही सजावट नव्हती. त्या काळच्या फिल्मवर आणि त्या दिव्यांत खरी रात्र चित्रित करणं जवळपास अशक्य होतं. म्हणून रात्रीचे प्रसंग भर दिवसा, उन्हात घेत आणि प्रत निळ्या रंगात बुडवत. निळा दिसला की रात्र, हे प्रेक्षकाला न सांगता कळे. आपल्या नाटकात निळा दिवा पडला की आपण रात्र समजतो, तसंच.

आता तुमच्या पडद्यावर काय झालं ते आठवा. काउंट ऑर्लॉक, म्हणजे यातला रक्तपिपासू, जहाजातून विसबोर्ग गावी उतरतो आणि स्वतःची शवपेटी काखेत मारून गावातून चालत निघतो. हा भाग विस्मार नावाच्या बंदराच्या गावात चित्रित झाला. भिंतींवर लख्ख ऊन, आणि ऑर्लॉकच्या पायाशी त्याची स्वतःची सावली. निळ्या प्रतीत ती चांदण्यातली सावली आहे आणि अंगावर काटा येतो. तुमच्या प्रतीत एक टकला म्हातारा टळटळीत उन्हात ट्रंक घेऊन घर बदलायला निघाला होता. मागच्या रांगेतून आवाज आला, "पाव्हणं, रिक्षा करा की!" सगळा हॉल हसला. खरं सांगते, मलाही हसू आलं.

आणि वीस मिनिटांनी शेवट. नायिका एलेन त्याला कोंबडा आरवेपर्यंत आपल्याजवळ थांबवून ठेवते, खिडकीतून उजेड येतो, तो छातीशी हात नेतो आणि विरून जातो, जमिनीवर थोडा धूर उरतो. नात माझ्या कानाशी म्हणाली, "आजी, हा उन्हाने मेला? मगाशी तर उन्हातच फिरत होता."

शाळेच्या हॉलमध्ये माझा हाच प्रश्न होता. पोरीचं काही चुकलं नाही. तुमच्या प्रतीत शेवटाला अर्थच नव्हता. चित्रपटाच्या पोटातलं सगळं नाट्य रात्र आणि पहाट या दोन रंगांवर उभं आहे, आणि तुम्ही दोन्ही पुसून टाकले होते.

यात आणखी एक गोम आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. सूर्यप्रकाशाने रक्तपिपासू मरतो हे आज पोरासोरांना ठाऊक आहे. पण ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या कादंबरीत ड्रॅक्युला लंडनच्या रस्त्यावर दिवसाढवळ्या हिंडतो आणि शेवटी मरतो तो सुऱ्यांनी. उन्हाने मरण्याची कल्पना या चित्रपटाची. पुढच्या शंभर वर्षांत आलेल्या असंख्य भयपटांनी ती इथून उचलली. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी जग या चित्रपटाचं ऋणी आहे, नेमका तिथेच आपल्या हॉलमध्ये सर्वांत मोठा हशा झाला.

दुसरा मुद्दा वेगाचा. चित्रपट सुरू झाला तेव्हा मी घड्याळ पाहिलं होतं आणि संपला तेव्हाही पाहिलं. त्रेसष्ट मिनिटं. जुन्या प्रतींतून जुळवून दुरुस्त केलेली प्रत सेकंदाला अठरा फ्रेम, म्हणजे चित्रं, या गतीने चौऱ्याण्णव मिनिटं चालते. तीच चोवीसच्या गतीने पळवली तर सत्तर मिनिटांत आटोपते. तुमची त्याहूनही सात मिनिटं कमी, म्हणजे पळवलेली होती आणि वर कापलेलीही. एलेनचा नवरा हुटर तिचा निरोप घेतो की लोकल पकडतो तेच कळत नव्हतं. मुर्नाऊ नटांच्या हालचालींची लय बसवायला मेट्रोनोम, म्हणजे ताल मोजणारं यंत्र, वापरत असं सांगतात. तालाला इतका चोख माणूस, आणि त्याच्या चित्रपटाची लयच आपण बिघडवली.

यातही एक जागा अशी आहे जिचं मला खरं दुःख झालं. हुटर खिंडीत उभा असतो आणि ऑर्लॉकची घोडागाडी त्याला न्यायला येते. ती गाडी मुद्दाम अनैसर्गिक वेगाने, झटके देत येते. बाकी सगळं संथ, माणसाच्या चालीचं, आणि तेवढीच गाडी या जगातली नाही. पुढे जंगलातून जाताना चित्र उलटं होतं, झाडं पांढरी, आकाश काळं, म्हणजे निगेटिव्हच दाखवलं आहे. जे आधीपासूनच पळतं आहे त्यात पळणारी गाडी कुणाला वेगळी दिसणार? हॉलमध्ये कुणाला ती दिसलीच नाही. लोकांना वाटलं, पुन्हा एकदा सगळे पळतायत.

तिसरा, नावांचा. तुमच्या प्रतीत इंग्रजी पाट्या होत्या आणि त्यात काउंटचं नाव ड्रॅक्युला, हुटरचं हार्कर, गावाचं ब्रेमेन. पत्रिकेत मात्र तुम्हीच ऑर्लॉक आणि विसबोर्ग छापलं होतं. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी दोनदा विचारलं, की ऑर्लॉक कधी येणार?

हा नावांचा घोळ कुठून आला, ते या चित्रपटाच्या जिवावर बेतलेलं प्रकरण आहे. प्राना-फिल्म ही कंपनी अल्बिन ग्राऊ आणि एन्रिको डीकमान यांनी काढली. ग्राऊ गूढविद्येच्या नादातले. ऑर्लॉकचं उंदरासारखं रूप, सेट, कपडे, अगदी जाहिरातीसुद्धा त्यांच्याच. हेन्रिक गालेन यांनी पटकथा लिहिली ती सरळ स्टोकरच्या कादंबरीवरून, नावं बदलून. हक्क घेतले नव्हते. ४ मार्च १९२२ ला बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातल्या संगमरवरी दिवाणखान्यात मोठा समारंभ करून पहिला खेळ झाला. थोड्याच दिवसांत लंडनला स्टोकरच्या विधवेला, फ्लोरेन्सबाईंना, कुणीतरी त्याची जाहिरात पाठवून दिली. कादंबरीवरून घेतला आहे हे त्यात छापलेलंच होतं! बाईंनी दावा लावला. तोवर कंपनीचं दिवाळं वाजलं होतं, पैसे मिळण्यासारखे नव्हते. १९२५ मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने चित्रपटाची निगेटिव्ह आणि सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला.

बाईंचं चुकलं असं मी म्हणत नाही. नवरा १९१२ सालीच गेलेला, हाताशी उत्पन्न ते पुस्तकाचं, आणि कायदा त्यांच्या बाजूने. पण हुकूम बजावायच्या आत काही प्रती देशाबाहेर गेल्या होत्या, त्या वाचल्या. पॅरिसच्या सिनेमाथेकमध्ये, म्हणजे तिथल्या चित्रपट-संग्रहालयात, एक रंगीत प्रत राहिली. अमेरिकेत १९२९ च्या सुमारास लागला तो काटछाट होऊन. तिथे त्याचे हक्क केव्हाच संपले, त्यामुळे ज्याला जशी सापडली तशी प्रत त्याने विकली. तुमच्या हाती लागली ती या वंशातली. पुढे लुचानो बेरियातुआ नावाच्या स्पॅनिश गृहस्थांनी वीसपंचवीस वर्षं या चित्रपटाचा माग काढला आणि पॅरिसची रंगीत प्रत पायाला धरून, गहाळ तुकडे इतर प्रतींतून घेऊन, २००५-०६ च्या सुमारास वीसबाडेनच्या मुर्नाऊ फाउंडेशनसाठी तो पुन्हा उभा केला. ती प्रत जगभर रीतसर मिळते. चंद्रावर जावं लागत नाही.

न्यायालयाला जे पुरतं जमलं नाही ते आपण फुकट केलं, असं सचिवांना म्हटलं तर ते रागावले. रागाने म्हटलं नव्हतं.

पाट्यांबद्दल अजून एक. पहिल्याच पाट्यांत एक वाक्य आहे. 'नोस्फेरातू' हा शब्द मध्यरात्री ओरडणाऱ्या 'टोटेनफोगेल'सारखा कानावर येत नाही का, असं काहीसं. टोटेनफोगेल म्हणजे शब्दशः मेलेल्यांचं पाखरू. मी आधी 'घुबड' लिहिलं होतं. मग 'पिंगळा'. दोन्हीत जीव नव्हता. आमच्या आत्याबाई रात्री टिटवी ओरडली की हातातलं काम टाकून दाराशी जात आणि कुणाच्या घरी काय वाईट झालं म्हणून कान देत. तेव्हा 'टिटवी' लिहिलं. पक्षी वेगळा, भीती तीच. तुमच्या खेळात ही पाटी सेकंदभर आली आणि गेली, कुणाचं इंग्रजी इतकं पळत नाही.

चौथा, संगीत. हान्स एर्डमान यांनी या चित्रपटासाठी वाद्यवृंदाचं संगीत लिहिलं होतं. मूळ बरंचसं हरवलं, पण त्यांनीच त्यातून केलेली वाद्यरचनांची मालिका उरली आणि तिच्या आधारे ते पुन्हा बांधलं गेलं. तुम्ही काय लावलं होतं? ढमढम ढमढम. एलेन पलंगावर बसून दूर कुठेतरी असलेल्या नवऱ्याला हाक मारते, तिचे दोन्ही हात पुढे येतात, तिकडे ऑर्लॉक वळून पाहतो, जणू हाक त्यालाच ऐकू गेली, आणि हे सगळं चालू असताना वरातीतला डीजे. आपल्याकडे मूकपटाच्या जमान्यात पडद्याशेजारी पेटी-तबला घेऊन माणसं बसत आणि प्रसंग पाहून वाजवत. गावात पेटीवाले कमी आहेत का? गणपतीत दहा मिळतात.

पाचवा मुद्दा छोटा आहे. मध्यंतर. जिन्यावर त्या लांब बोटांची सावली चढते आहे, आणि तुम्ही थांबवलंत. पडद्याखाली ती पट्टी, मधोमध दोन उभ्या रेघा, आणि भडंग खायला दहा मिनिटं. परत आल्यावर सावली तिथेच होती बिचारी.

माझं म्हणणं एवढंच आहे, की अशा खेळावरून 'मूकपट चालत नाहीत' हा निष्कर्ष काढता येत नाही. फाटक्या तबल्यावर बोल ऐकवून तबला बेसूर आहे म्हणण्यासारखं आहे ते. मला हेही मान्य आहे की आजच्या मुलांना १९२२ सालचा अभिनय सुरुवातीला भडक वाटतो. ग्रेटा श्रोडर यांचे डोळे, अलेक्झांडर ग्रानाख यांचा वेडा घरदलाल क्नॉक, हे थोडं अंगावर येतंच. हुटरचं काम करणारे गुस्ताव फॉन वान्गेनहाइम तर मला आजही फार उड्या मारतात असं वाटतं. काही हशा त्या वाटणीचा होता, तो मी तुमच्या खात्यावर टाकत नाही. पण माक्स श्रेक यांच्या ऑर्लॉकला योग्य प्रतीत, योग्य गतीत हसणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. सगळ्या चित्रपटात तो मोजून नऊ-दहा मिनिटं दिसतो. बाकी वेळ त्याची वाट पाहण्यात जातो, आणि ते वाट पाहणंच भीतीचं आहे.

आणि आपल्याला तर याची जास्त जाण हवी. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची सगळी रिळं आपल्याला सांभाळता आली नाहीत. आपल्याकडच्या तेराशेच्या आसपास मूकपटांतले हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच आज धड अवस्थेत आहेत. २००३ मध्ये पुण्याच्या आगीत जुन्या, चटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्मच्या पेट्या गेल्या, तेव्हा याच सोसायटीने शोकसभा घेतली होती. तिचं इतिवृत्त माझ्या हातचं आहे. जे जळलं त्याच्यासाठी सभा घेणारे आपण, जे वाचलं ते असं दाखवतो? प्रभातची 'सैरंध्री' १९३३ साली रंग उतरवून घ्यायला जर्मनीलाच गेली होती. रंगासाठी आपली माणसं बोटीने तिकडे गेली, आणि तिकडचे रंग आपण घरबसल्या घालवले.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

मूकपट विभाग बंद करण्याचा निर्णय मागे घ्यावा, निदान सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा. ठराव कार्यकारिणीने परस्पर करायचा हा विषय नाही, घटनेत कलम आहे, वाचून पाहावं.

'नोस्फेरातू' याच वर्षात पुन्हा दाखवावा. दुरुस्त केलेली रंगीत प्रत, रीतसर परवाना घेऊन, ठरलेल्या गतीने, मध्यंतर न करता. परवान्याचा खर्च येईल हे कबूल. त्यासाठी मी माझ्याकडून पाच हजार देते, उरलेल्यासाठी सभासदांकडे मीच फिरेन, पावतीपुस्तक तेवढं द्यावं.

यापुढे कोणताही जुना चित्रपट लावताना पत्रिकेत एक ओळ छापावी. प्रत कुठली, किती मिनिटांची, संगीत कुणाचं. साडीवर सूत किती ते छापतात, चित्रपटावर का नको? आणि ती ओळ लिहिण्यासाठी ज्याने प्रत मिळवली त्याने ती खेळाआधी एकदा पूर्ण पाहिलेली असावी. परवा ती कुणीच पाहिली नव्हती, हे सचिवांनीच मला सांगितलं.

मराठी पाट्या वापराव्यात. पडद्यावर टाकणं जमत नसेल तर मी माइकवर वाचते. घसा अजून शाबूत आहे.

आणि परवाच्या खेळाला आलेल्या सगळ्यांना पुढचा खेळ मोफत असावा, विशेषतः त्या रिक्षावाल्या आवाजाला. तो माणूस माझ्या ओळखीचा नाही, पण उन्हातला म्हातारा त्याच्या बरोबर लक्षात आला. त्याला निळी रात्र दाखवायची आहे मला.

फाईल कपाटाच्या तिसऱ्या खणात, जुन्या हिशेबांच्या खाली आहे. पिवळं कव्हर, वर बॉलपेनने 'नोस्फे. मराठी' लिहिलेलं. किल्ली अध्यक्षांकडे असते. बावीस क्रमांकाच्या पानावर एक पाटी गाळलेली राहिली होती, ती मी परवा घरी पूर्ण केली आहे. कधी आणून देऊ ते कळवावं.

आपली,
एक आजीव सभासद